बाबांचं गाणं आणि तिसरा स्ट्राईक

तिसऱ्या स्ट्राईकचा मेल आला तेव्हा मी पौडच्या तहसील कचेरीत दाखल्याच्या रांगेत उभी होते. मेल प्रज्ञाच्या चॅनलचा होता. सात दिवसांत चॅनल कायमचं बंद. आणि पंधरा दिवसांपूर्वी मीच तिला म्हटलं होतं, "दे राजीनामा. किती दिवस खोके पॅक करणार?" आणि तिने तो दिला होता.

माझं काम आधी सांगते. गेम खेळताना लोकांना लाइव्ह दाखवणाऱ्यांना स्ट्रीमर म्हणतात. आमची एजन्सी त्यांचे चॅनल सांभाळते. जाहिराती, तक्रारी, रुसवेफुगवे, सगळं. प्रज्ञा उरवड्याची. तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला होती. पाचला घरी येऊन ट्रकचा गेम खेळायची आणि घाटात ट्रक अडला की त्याला मावळी बोलीत झाडायची. लोक त्यासाठीच यायचे.

दुसऱ्याचं गाणं तुमच्या व्हिडिओत वाजलं आणि हक्कवाल्या कंपनीने तक्रार केली, की एक स्ट्राईक. तीन झाले की चॅनल जातं, जुन्या सगळ्या व्हिडिओंसकट. प्रज्ञाचे पहिले दोन गेममधल्या ट्रकच्या रेडिओमुळे झाले. गेम विकत घेतला म्हणजे त्यातली गाणीही आपली, असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. खेळायची परवानगी असते, जगाला ऐकवायची नसते. म्हणून मीच म्हटलं, रेडिओ बंद कर, घरचं काहीतरी लाव. तिने वडिलांचं गाणं लावलं.

तिचे बाबा पूर्वी जयंतीला गावोगाव गाणाऱ्या पार्टीत होते. आईवर लिहिलेलं त्यांचं एक गाणं कॅसेटवर निघालं होतं. शब्द त्यांचे, चाल त्यांची, आवाज त्यांचा. तक्रार नेमकी त्याच गाण्यावर होती.

माझं डोकंच फिरलं. बापाचं गाणं मुलीने वाजवलं, काय बिशाद आहे कुणाची? रांगेतच मोबाईल काढला आणि काऊंटर नोटीस भरली. म्हणजे उलटं उत्तर: गाणं आमचं आहे, हिंमत असेल तर कोर्टात या. शेवटी एक चौकोन असतो, 'मी शपथेवर सांगते की हे खरं आहे'. त्यात टिक केली. शपथ प्रज्ञाच्या नावावर, बोट माझं.

दुसऱ्या दिवशी कॅसेट कंपनीच्या वकिलाचं उत्तर आलं. सोबत कराराचा स्कॅन. गाण्याचे शब्द, चाल, आवाज, सगळे हक्क कंपनीला, आजच्या आणि पुढे निघणाऱ्या प्रत्येक माध्यमासाठी. खाली बाबांची सही. शेवटी एक ओळ, की खोट्या शपथेबद्दल प्रज्ञावर कारवाईचा हक्क आम्ही राखून ठेवतो.

बॉसना फोन केला. मकरंद सर शांतपणे बोलतात, तेच भीतीदायक असतं.

"नोटीस टाकण्याआधी करार बघितलास?"

"सर, गाणं तिच्या वडिलांचं आहे."

"मी ते विचारलं नाही."

स्कूटर काढून उरवड्याला निघाले. एका पोरीची नोकरी मी घालवली होती, चॅनल घालवत होते, आणि वर तिला कोर्टात उभी करायची वेळ आणली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते माझ्यासाठीच.

प्रज्ञा दारातच उभी होती. "ताई, पोलीस येत्यात का ओ?"

"नाही येत," म्हटलं. मला खात्री नव्हती.

बाबांना मोबाईलवर स्कॅन दाखवला. त्यांनी एकदा पाहिलं आणि भिंतीकडे बोट केलं. "ह्यो काय, हितं हाय की."

बुद्धांच्या तसबिरीशेजारी सोनेरी फ्रेममध्ये तोच कागद लावला होता. इंग्रजीत टाईप केलेला, कंपनीचा गोल शिक्का, सही. त्या फ्रेमखाली बसून मी दोनदा चहा प्याले होते. एकदा तर कौतुकही केलं होतं.

"हार घातला व्हता, नारळ दिला व्हता," बाबा म्हणाले. "लई मान दिला त्यांनी. मला वाटलं सन्मानपत्र हाय. एवढी वर्सं कुणी वाचलंच न्हाई बगा."

मी तर कागद वाचण्याचा पगार घेणारी बाई. मलाही वाचावंसं वाटलं नव्हतं.

तिथूनच कंपनीच्या वकिलाला फोन लावला. चूक माझी, प्रज्ञाची नाही, हे आधी सांगितलं. तो म्हणाला, "नोटीस मागे घ्या, गाणं काढा. आणि वडिलांकडून लेखी द्या, चॅनलवर हे गाणं वाजणार नाही, तिथे ते स्वतःही गाणार नाहीत."

"स्वतः रचलेलं गाणं गायचं नाही?"

"मॅडम, तुम्हाला चॅनल हवंय ना?"

वकिलाचा कागद आला. या वेळी मी त्यातली ओळ न् ओळ बाबांना मराठीत वाचून दाखवली. त्यांनी मध्येच विचारलं, "ही पोरगी आत खेळतीया, आन् मी भाईर गुणगुणलो, तर?"

"माईकमध्ये गेलं तर अडचण होईल."

"आन् ध्यानातच न्हाई ऱ्हायलं तर?"

मी पेन पुढे केलं. त्यांनी सही केली. प्रज्ञा मान वळवून बसली होती.

पुढचे चार दिवस मी दर दहा मिनिटांनी मेल उघडत होते. मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी स्ट्राईक मागे घेतल्याचा मेल आला आणि जिवात जीव आला. चॅनल वाचलं. ऑफिसच्या हिशेबी केस यशस्वी.

परवा सहज उरवड्याला गेले होते. पाच वाजत आले, प्रज्ञाने माईक लावला, तसे बाबा चपला घालून उठले.

"कुठं निघालात?"

"गाया," ते म्हणाले. "वढ्यापल्याड जातू. तितवर माईक पोचत न्हाई."

भिंतीवर फ्रेम तशीच आहे. काढा म्हटलं तर नको म्हणतात. मी मात्र हल्ली कुणाच्या घरी फ्रेम दिसली, की आधी वाचते आणि मग चहा घेते.