मुदत संपेपर्यंत बसवलेला माणूस

राजघाटावरच्या भोंग्याचं प्रकरण मला आजही जसंच्या तसं आठवतं. निवृत्तीनंतर मी त्याबद्दल चार ठिकाणी बोललोही, पण दरवेळी त्यातला एक दिवस गाळून. तो दिवस मी कोणालाच सांगितलेला नाही, घरातसुद्धा नाही. आज सांगतो. नाव कोणाचंच घेणार नाही, कारण सगळे अजून याच गावात राहतात.

मी तेव्हा बुऱ्हाणपुरात टीआय, म्हणजे एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. वरच्या अंगाला पाऊस झाला की इथे आभाळ कोरडं असतानाही तापी चढते. म्हणून घाटावर पुराचा इशारा देणारा भोंगा एका मनोऱ्यावर नव्याने बसवला होता. पाणी खुणेपर्यंत आलं की तो आपोआप वाजायचा. पण तो वाजायला लागला ऐन उन्हाळ्यात. पात्रातले खडक उघडे पडलेले, वारा नाही, भर दुपार, आणि अचानक खालून वर चढत जाणारा तो लांब सूर. तो पलीकडे जैनाबादच्या काठावर आदळून परत यायचा, आणि परत येताना जरा वेगळा वाटायचा, कोणी उत्तर दिल्यासारखा. धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून नदीकडे बघत बसायच्या.

कोणीतरी खोडी काढतंय असं समजून मी मनोऱ्यावरच्या तारांच्या पेटीला कुलूप लावलं आणि खाली एक आरक्षक, म्हणजे शिपाई, बसवला. दुसऱ्याच दुपारी तो ठाण्यात आला. चेहऱ्यावर रक्त नव्हतं.

"साहेब, चाबी माझ्या खिशात होती. आजूबाजूला कुत्रंसुद्धा नव्हतं."

"मग वाजवला कोणी?"

"ते मला नका विचारू. माझी ड्यूटी बदला. हवं तर बँडवाल्यांच्या वरातीत उभं करा."

ठाण्याची लिखापढी करणारा मुन्शी हसला, पण त्यानंतर तिथे बसायला कोणी तयार होईना. बुडालेलं माणूस हाका मारतंय असं लोक म्हणू लागले. मनोऱ्याच्या पायाला शेंदूर लागला, लिंबं येऊन पडली. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, तरी दुपारी तिकडे जाताना मीही सोबत कोणाला तरी घेत असे.

मग खबर आली. भोंग्याचा ठेका ज्याला मिळाला होता, त्याच्या माणसाने फोन केला. "साहेब, वो पंप की दुकानवाला है ना, टेंडर हारला तेव्हापासून पेटलेला आहे. हे सगळं त्याचंच काम."

पंपाचा दुकानवाला म्हणजे केळीच्या बागांना मोटारी आणि स्टार्टर पुरवणारा एक डिप्लोमा इंजिनिअर. तोंडाने फटकळ, जरा बढाईखोर. त्यानेही टेंडर भरलं होतं. ठेका दुसऱ्याला गेल्यावर त्याने हरकत घेतली, पण ती मुदतीनंतर आली म्हणून न वाचताच परत केली गेली. ती मुदतीनंतर का आली, हे मला ठाऊक होतं.

त्याला बोलावलं. तो आला आणि मी काही म्हणायच्या आत मुन्शीच्या टेबलामागच्या बाकावर, भिंतीला टेकून बसला.

"इकडे खुर्चीवर या," मी म्हणालो.

"राहू द्या साहेब. ही जागा माझ्या ओळखीची आहे. तुम्हीच दिलेली."

"भोंगा कोण वाजवतंय?"

"ऊन वाजवतंय." तो हसला. "तुमच्या शिपायांना उन्हाला पकडायला लावा."

"सरळ बोला."

"सरळच लिहिलं होतं साहेब हरकतीमध्ये. ठेकेदाराने दाखवलेल्या नमुन्यात तारेच्या जोडावर हलकं आवरण आहे. उन्हात नरम पडेल, तारा एकमेकींना भिडतील, भोंगा वाजेल. चार वेळा फुकट वाजला की पाचव्या वेळी कोणी उठणार नाही. कोणी वाचलं का? काबर नाही वाचलं? तुम्ही सांगा ना, काबर?"

इथे तो गाळलेला दिवस सांगायला हवा.

ठेक्याचा निकाल ठेका देणाऱ्या कार्यालयाच्या फलकावर लागला की हरकतीला दहा दिवस मिळतात. शेवटच्या दिवशी कार्यालय बंद व्हायच्या आत ती हातात पडली तर वाचली जाते, नाहीतर नाही. मग ती कितीही खरी असो. हा माणूस शेवटच्या दिवसापर्यंत थांबला, कारण त्याला तसाच जोड आपल्या दुकानाच्या पत्र्यावर उन्हात ठेवून खात्री करायची होती. खोटी हरकत घेणारे पहिल्याच दिवशी येतात, हे मी नोकरीत पाहिलंय. त्या सकाळी मला वरून फोन आला. कोणाशी तरी बोलाचाली झाल्याचा अर्ज त्याच्याविरुद्ध दिला गेला होता. "त्याला आज संध्याकाळपर्यंत बसवून ठेवा. बाकी काही करू नका."

बसवून ठेवणं ही आमच्या खात्याची जुनी रीत. अटक नाही, ठाण्याच्या रोजनामच्यात नोंद नाही, हातही लावायचा नाही. "बसा जरा, साहेब येतील," एवढंच म्हणायचं. मी आतल्या खोलीत होतो. दाराच्या फटीतून तो दिसत होता. मांडीवर पिशवी, पिशवीत हरकत. दोनदा चहा पाठवला, त्याने तो घेतला नाही. दुपारनंतर त्याने घड्याळाकडे बघणं सोडलं आणि दाराच्या फटीकडे बघू लागला. मी आत आहे हे त्याला कळलं होतं. कार्यालय बंद झाल्यावर मी त्याला जाऊ दिलं. तो तरीही धावत गेला म्हणे.

भोंग्याबद्दलच्या त्या चौकशीनंतर मी स्वतः मनोऱ्यावर चढलो. पेटी उघडली. जोडावरचं आवरण मेणासारखं ओघळलं होतं आणि दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. मी बघत असतानाच वर भोंगा सुरू झाला. इतक्या जवळून तो आवाज कानात शिरत नाही, छातीत शिरतो. कारण डोळ्यांसमोर होतं, तरीही मी आधी मागे वळून पाहिलं.

वर कळवलं. "जोड गुपचूप बदलून घेऊ. तुम्ही अहवालात खोडसाळपणा लिहा," असं उत्तर आलं. मी लिहिला. त्यात पंपवाल्यावर संशय असल्याचं एक वाक्यही लिहिलं. त्या वाक्याच्या जोरावर त्याला सरकारी कामांतून बाद केलं गेलं.

पावसाळ्यात एका सकाळी मी बंदोबस्तासाठी घाटावर होतो. ऊन पडलं होतं. भोंगा वाजला. पायऱ्यांवर बसलेलं कोणीच हललं नाही. "लागला रडायला," एकजण म्हणाला आणि चार जण हसले. फुलं विकणारी म्हातारी पुड्या बांधत राहिली. मीही हललो नाही, हे लिहिलंच पाहिजे. पाणी आवाज न करता आलं, मातकट, फुगत, एकेक पायरी गिळत. आम्ही आरडाओरडा केला तोवर खालच्या पायऱ्या नव्हत्या आणि म्हातारीही नव्हती. तिची परडी तेवढी गरगर फिरत दूर जाताना दिसली. भोंगा वाजतच होता.

मी नंतर मुदतीआधीच नोकरी सोडली. लोकांना तब्येतीचं कारण सांगितलं.

मुदतीचे नियम वाईट नसतात. ते नसते तर कुठलंच काम पुरं झालं नसतं. पण त्या नियमात शेवटच्या दिवशी माणूस कुठे होता हे कोणी विचारत नाही, आणि आमच्यासारख्यांना ते पक्कं ठाऊक असतं. मी त्याला मारलं नाही, कोंडलं नाही, खोटा गुन्हा लावला नाही. फक्त बसवलं.

उशीर माफ करून आपली हरकत ऐकावी आणि नावावरचा डाग पुसावा, म्हणून त्याचा अर्ज अजून चालू आहे. त्या दिवशी तो ठाण्यात होता याचा पुरावा त्याच्याकडे नाही, कारण आम्ही तो ठेवलाच नव्हता. गेल्या वर्षी तो माझ्या घरी आला. पाणी प्याला आणि म्हणाला, "भाऊ, आता तर तुम्ही साहेब नाही राहिले. एवढं एक सांगून द्या ना."

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

मला सगळं आठवतं. त्याला दिवसभर मीच बसवलं होतं, ही साक्ष मी त्याला द्यायची आहे. अजून दिलेली नाही.