बॉयलर रूममधला एकनाथ

एकाहत्तरच्या युद्धाआधी माझी आणि एकनाथची पोस्टिंग नौदलाच्या एका क्रूझरवर, मोठ्या युद्धनौकेवर झाली. मी जळगावच्या मेहरूणचा, एकनाथ भडगावचा. दोघंही स्टोकर, म्हणजे जहाजाच्या पोटात बॉयलर सांभाळणारे. रजा संपवून निघालो तेव्हा त्याची माय एसटीपर्यंत आली. मला म्हणाली, "संगे लई जाई राहिना, संगेच लई ये रे भो." मी हो म्हणालो. आणायचं म्हणजे आणायचं.

धुळ्याच्या कॉलेजात मला कधीमधी भाषणाला बोलावतात. पोरं विचारतात, "आबा, किती शत्रू मारले?" कपाळ माझं! अरे, आम्ही समुद्र तरी कुठं पाहिला? बॉयलर रूमला खिडकी नसते. तोफा वर डागतात, खाली नुसते हादरे कळतात. आमचं काम एकच, प्रेशर पडू द्यायचं नाही. प्रेशर पडलं की वेग पडतो, आणि लढाईत रेंगाळणारं जहाज बुडतं.

आमच्या वाफेचं एक होतं. ती दिसत नसे. पांढरी दिसते ती निवालेली वाफ. फुटल्या जागेशी काहीच दिसत नाही, फक्त शिट्टी ऐकू येते. म्हणून शिट्टी झाली की जागचं हलायचं नाही. एकानं झाडूचा दांडा पुढे धरून चालायचं. दांडा जिथं कापला जाईल तिथं गळती.

युद्धातल्या त्या दुपारी अ‍ॅक्शन स्टेशन्स होती, म्हणजे लढाईसाठी जो तो आपापल्या जागी. तोफांच्या हादऱ्यांनी कुठलातरी जॉइंट सुटला. शिट्टी सुरू झाली.

आमच्या बॉयलर रूमचा चीफ ओरडला, "कोई नहीं हिलेगा! झाडू लाओ!"

एकनाथ हलला. गळ्यातला टॉवेल काढून तो पाइपाकडे निघाला. आमच्याकडे विहिरीवरचा पाइप फुटला की शेतकरी हेच करतो. मोटर बंद करत नाही, वीज पुन्हा कधी येईल कोण जाणे, म्हणून आधी फडकं गुंडाळतो. नियम त्याला पाठ होता. पण हात लहानपणी विहिरीवर शिकलेला.

"एकनाथ, मांगे फिर!" मी ओरडलो.

गळती त्याला वाटली त्यापेक्षा हातभर अलीकडे होती. वाफेनं त्याला छातीपासून भाजलं.

चीफनं दांड्यानं जागा शोधली आणि व्हॉल्व्ह बंद केला. वरून फोन आला.

"बॉयलर रूम, रिपोर्ट."

"वन बॉयलर शट डाउन. स्पीड मेंटेन्ड. वन मॅन डाउन, सर."

"कॅरी ऑन."

त्याला स्ट्रेचरवरून वर नेलं. मी दुसऱ्या बॉयलरचे बर्नर वाढवत राहिलो. रडू येत होतं, आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

संध्याकाळी सिक बेमध्ये, जहाजावरच्या दवाखान्यात, तो गेला. बंदर लांब, लढाई चालू. कॅप्टननं समुद्रातच निरोप द्यायचा हुकूम दिला. कॅनव्हासमध्ये शिवलं, पायाशी वजन बांधलं. अग्नी नाही, राख नाही. मायला नेऊन द्यायला माझ्याकडे काही उरलं नाही.

युद्ध संपल्यावर भडगावला गेलो. माय ओट्यावर बसली होती.

"मना पोर्‍या कोठे शे?"

सगळं सांगितलं. टॉवेलाचंही सांगितलं.  मग माय म्हणाली, "आखाजीले घागर कोठे भरू?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. मी म्हणालो, "माय, गिरणा तापीले भेटस, तापी समुद्रले."

आखाजीला रजा काढून पुन्हा गेलो. माय पूजलेली घागर कमरेवर घेऊन गावाच्या नदीत उतरली. वैशाखात गिरणेला कुठलं पाणी? नुसती वाळू. तिनं घागर तिथंच ओतली. वाळू ओली झाली आणि बघता बघता सुकली.

"पोहची का रे भो?"

"पोहची, माय."

आता मायही नाही. दर आखाजीला मी भडगावला दोन घागरी नेतो, एक त्याची, एक तिची. वाळूत ओततो. विचारणारं कोणी नाही, तरी मोठ्यानं सांगतो, "पोहची, माय."