साहेबांच्या अकरा कोटी ओळी

शुक्रवार, ११ ऑगस्ट. डायलिसिस केंद्राच्या यादीवर एकशे सत्तेचाळीस जीव.

त्या दिवशी सकाळी सात वाजता पहिल्या पाळीची माणसे बाह्या दुमडून खुर्च्यांवर बसली होती. यंत्रे धुऊन तयार होती. नव्हती ती फक्त यादी. कोण कोणत्या यंत्रावर, कुणाच्या अंगातले किती पाणी काढायचे, रक्त गोठू नये म्हणून कुणाला किती औषध, हे सारे सर्व्हरवरून येई आणि ते आल्याशिवाय परिचारिका कुणालाही सुई लावत नसत. पूर्वी हीच यादी मुख्य परिचारिका वहीत लिहून ठेवी. पुढे संचालकांनी कागदमुक्तीचा संकल्प सोडला आणि वह्या रद्दीत गेल्या. संकल्प कळवणारे परिपत्रक तेवढे नऊ प्रतींत निघाले.

सर्व्हरच्या पडद्यावर एकच वाक्य होते: मेमरी अपुरी आहे.

या वाक्याशी जिचा अकरा महिने संसार चालला होता, ती बाई तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत बसे. खोलीत सर्व्हर, त्याला गार ठेवणारे यंत्र, आणि त्या गारव्यापासून जीव वाचवण्यासाठी बारमाही स्वेटर घातलेली ती. सगळे तिला सर्व्हरकाकू म्हणत. सव्वीस वर्षांपूर्वी ती टंकलेखिका म्हणून चिकटली. टंकयंत्रे भंगारात गेली, ती उरली; आणि ‘रिकामीच आहे’ म्हणून नवे यंत्र तिच्या गळ्यात पडले. शिकवायला कुणी आले नाही. सासुरवाशीण जशी सासूच्या टोमण्यांतून घर शिकते, तशी ती चुकांच्या संदेशांतून डेटाबेस शिकली. पगारपत्रकावर ती अजून टंकलेखिकाच होती. ज्ञान वाढले म्हणून हुद्दा वाढवण्याची घातक प्रथा त्या संस्थेत नव्हती.

मेमरी म्हणजे यंत्राचे कपाट नव्हे, कामाचा ओटा, हे काकू कुणालाही दोन मिनिटांत समजावून देऊ शके. ऐकायला मात्र कुणाला दोन मिनिटे नसत. कपाट कितीही मोठे असो, ओट्यावर मावेल तेवढेच एका वेळी शिजते. डेटाबेसचा स्वभाव असा की मर्यादा घालून दिली नाही तर तो सगळा ओटा अडवून बसतो. आणि मर्यादा घातलेली नव्हती. सर्व्हर विकणाऱ्याचा माणूस ‘सगळी मेमरी तुमचीच आहे, वापरा’ असे उदारपणे सांगून गेला होता.

तरीही निभले असते. पण संचालकांना डेटा पाहायची आवड लागली.

अहवाल त्यांना पुरेना. अहवाल कुणीतरी केलेला असतो, म्हणून तो उष्टा. आपल्याला मूळ डेटा हवा, सगळा हवा. त्यांच्या आग्रहापुढे इलाज नव्हता. डेटाबेस सांभाळायचे टूल सर्व्हरवरच होते, आणि आपल्या खोलीतून थेट सर्व्हरवर शिरून ते उघडण्याची सोय त्यांना करून द्यावी लागली. ते रोज एकच तक्ता उघडत: दर वीस सेकंदांना प्रत्येक यंत्राने नोंदवलेले आकडे, सहा वर्षांचे, अकरा कोटी ओळी. टूल बिचारे आज्ञाधारक. ते ओळीमागून ओळ ओट्यावर आणून मांडू लागे, मांडता मांडता त्याचीच जागा संपे, आणि ते म्हणे, मेमरी अपुरी आहे. संचालक म्हणत, “बघा! सर्व्हर कमी पडतोय.” टूल आपल्यापुरते बोलत आहे, हे त्यांना कोण सांगणार? समिती नेमली. मेमरी दुप्पट झाली. आता टूल पूर्वीपेक्षा दुप्पट ओळी मांडून तेच वाक्य म्हणू लागले. पुन्हा समिती, पुन्हा दुप्पट. खाईल त्याला खवखवे, अशी म्हण आहे. इथे खाणारा एक होता आणि खवखव एकशे सत्तेचाळीस जणांना होती.

खरी मेख पुढेच होती. त्या इमारतीत ज्याने उघडावे त्याने मिटू नये, असा अलिखित नियम होता. दार साहेब उघडत, मिटे शिपाई. फाइल साहेब उघडत, मिटे हेडक्लार्क. हुद्दा जितका मोठा, तितके माणसाने मागे उघडे टाकलेले अधिक. संध्याकाळी संचालक कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून उठत. खिडकी मिटे, आतले सेशन मात्र सर्व्हरवर तसेच जागे राही, अकरा कोटींपैकी जेवढ्या ओळी मावल्या तेवढ्या उराशी धरून. लॉगआउट करावे लागते, हे काकूने तीनदा लेखी कळवले होते. एका नव्या तंत्रज्ञाने एकदा ते सेशन परस्पर बंद केले, तर साहेबांची ‘पाहत असलेली जागा’ हरवली. तंत्रज्ञाची बदली झाली आणि परिपत्रक निघाले: अधिकाऱ्यांचे उघडे काम लेखी परवानगीशिवाय कुणीही बंद करू नये.

म्हणून त्या शुक्रवारी काकूने परवानगी मागितली.

“साहेब बैठकीत आहेत,” स्वीय सहायक म्हणाला.

“मग त्यांना चिठ्ठी द्या. वरती माणसं ताटकळलीत.”

“काकू, बैठक कागदमुक्तीची आहे. चिठ्ठी कशी देऊ?”

एक तास चाळीस मिनिटांनी काकूने शेवटी सर्व्हरच रिस्टार्ट केला. त्याला परवानगी लागत नव्हती. सगळ्यांचे काम एकदम बंद करायला नियमाची आडकाठी नव्हती. एकट्या साहेबांचे बंद करायला होती. समतेचा इतका काटेकोर अर्थ अन्यत्र क्वचितच लावला गेला असेल.

मोठ्या दालनातल्या यंत्रांनी प्रत्येकाचा अर्धा तास कापून उशीर भरून काढला. पण कडेच्या वेगळ्या खोलीत, काविळीच्या चिवट संसर्गाच्या रुग्णांसाठी, एकच यंत्र होते. प्रत्येक रुग्णानंतर ते निर्जंतुक करावे लागे. तिथे घाई चालत नसे. तिथली शेवटची पाळी सोमवार, बुधवार, शुक्रवार गुरुजींची असे. गुरुजी म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. संध्याकाळी त्यांची पाळी केंद्र बंद होण्याच्या वेळेपलीकडे गेली. शनिवारी ते यंत्र भरलेले, रविवारी केंद्र बंद.

“सोमवारी या,” त्यांना सांगण्यात आले.

“पाणी कमी प्या,” असेही सांगण्यात आले. सल्ला विनामूल्य होता.

शनिवारी काकूच्या हाती नोटीस पडली. हयगय केली म्हणून कारवाई का करू नये, खुलासा सोमवारी चौकशी समितीपुढे करावा. समितीचे अध्यक्ष, संचालक. हेडक्लार्क नोटीस देताना म्हणाला, “काकू, ‘तांत्रिक कारण’ लिहा आणि मोकळ्या व्हा. तांत्रिक कारणाला आईबाप नसतात.”

घरी नवऱ्याने नोटीस दोनदा वाचली. तो शिवणयंत्रे दुरुस्त करी. दोन खोल्यांपैकी एकीत त्याची हत्यारे आणि दुसरीत उरलेला संसार.

“अगं, हे माझं रोजचंच आहे,” तो म्हणाला. “मोटार जळते, गिऱ्हाईक म्हणतं जाड वायर लाव. मी म्हणतो, ताई, पाय पेडलवरून काढा की जरा. झालं, ताईंना राग येतो.”

“तुझ्या गिऱ्हाइकाचा पाय निघाला नाही तर चोळी शिवायची राहते. इथं माणूस राहतो.”

“मग तू का नाही काढलास पाय?”

काकूने नोटीस घडी घालून पिशवीत ठेवली. मुलगी पोळीचा तुकडा तोंडात धरून दोघांकडे पाहत होती. “बाबा, आईला बोलू नका. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत तिचे. ती काही उद्योग करणार नाही.”

मुलीने बाजू घेतली ती अशी, आणि काकूला नवऱ्याच्या टोचण्यापेक्षा तीच अधिक लागली. त्या एक तास चाळीस मिनिटांत तिचे बोट बटणापासून वीतभर दूर होते. नियम साहेबांचा होता. वाट पाहिली तिने. गुरुजींना त्या खोलीतून उठवण्यात आपला वाटा किती, हा हिशेब कुठल्याही तक्त्यात नव्हता आणि तो तिला टाळताही येईना.

सोमवारी गुरुजी अकराला आले, चाकाच्या खुर्चीत. बुधवारपासून पाच दिवसांचे पाणी अंगात साठलेले. पाय खांबासारखे, बोलताना दर दोन शब्दांनी धाप. डॉक्टरांनी पाहिले आणि सांगितले, “बाराच्या आत यंत्रावर घ्या. बाकीचे थांबतील.” नवे वजन, नवा डोस सर्व्हरवर चढवला की सुई लागणार होती.

त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावर समिती बसली होती. खुलाशासाठी काकूही तिथेच होती. मेमरीची टंचाई सदस्यांना प्रत्यक्ष दाखवावी म्हणून संचालकांनी भिंतीवरच्या पडद्यावर टूल उघडले आणि आपला लाडका तक्ता मागवला. ओळी येऊ लागल्या. पावणेबाराला काकूचा फोन वाजला. मुख्य परिचारिका होती.

“काकू, गुरुजींची नोंद चढत नाहीये. डॉक्टर ओरडतायत. माणूस बसल्या जागी निळा पडायला लागलाय हो!”

“बघितलंत?” संचालक सदस्यांना म्हणाले. “मी हेच सांगत होतो. मेमरी कमी.”

“साहेब, एक यादी लावते पडद्यावर,” काकू म्हणाली. “कोण किती जागा अडवून बसलंय त्याची.”

काकूने सांगितलेल्या कळा संचालकांनी दाबल्या आणि यादी लागली. सर्वांत वर डेटाबेस. त्याखाली एकच नाव, तीन वेळा.

“हे तिघे कोण?” एका सदस्याने विचारले. तो बाहेरून आलेला होता. म्हणून विचारू शकला.

“साहेब.”

“तिघेही?”

“हो. एक शुक्रवार संध्याकाळचे साहेब, एक शनिवारचे, आणि हे आत्ताचे.”

“काहीतरीच काय, बाई? शुक्रवारी मी सहाला घरी गेलो.”

“तुम्ही गेलात, साहेब. काम इथंच बसलंय. फुली दाबली की नुसती खिडकी मिटते. तिघांना उठवू का?”

संचालकांनी चष्मा काढून पुसला. “तसा प्रस्ताव लेखी द्या. परिपत्रकात तरतूद आहे. समिती विचार करेल.”

फोन पुन्हा वाजला. काकूने तो उचलला नाही. ती उठली, टेबलाला वळसा घालून संचालकांच्या शेजारी आली आणि त्यांच्या पुढ्यातला कीबोर्ड स्वतःकडे ओढला. आधी शुक्रवारचे साहेब गेले, मग शनिवारचे, आणि शेवटी जे खुर्चीत बसले होते ते. पडदा कोरा झाला.

“बाई! कुणाला विचारून?”

“शुक्रवारी विचारलं होतं, साहेब. एक तास चाळीस मिनिटं विचारत होते.”

अकरा वाजून छप्पन्न मिनिटांनी गुरुजींची नोंद चढली. बाराच्या आधी सुई लागली.

तिथेच उभ्या उभ्या काकूने आणखी तीन गोष्टी केल्या. डेटाबेसला मेमरीची मर्यादा घातली. टूलने एका वेळी हजारच ओळी आणाव्यात असे ठरवून दिले. आणि पंधरा मिनिटे हालचाल नसेल तर सेशन आपोआप संपावे, मग ते कुणाचेही असो. सदस्यांना वाटले, बाई माफीचा अर्ज टाइप करते आहे.

अहवाल यथावकाश आला. कारण: मेमरी अपुरी. शिफारस: मेमरी दुप्पट करावी. काकूच्या सेवापुस्तकात ताकीद: वरिष्ठांचे काम विनापरवाना बंद केले. नवी मेमरी खोक्यातून आली आणि खोक्यातच राहिली, कारण बसवायला सवड झाली नाही. पण सर्व्हर त्या सोमवारपासून एकदाही बसला नसल्याने खरेदी अचूक ठरल्याचे संचालकांनी वार्षिक सभेत सांगितले. बसवण्याआधीच जिचा गुण येतो अशी ती मेमरी. आता आपल्याला सगळा डेटा दिसतो, असेही ते म्हणाले. रोज हजार ओळी पाहून ते समाधानाने उठतात.

गुरुजी जगले. फुप्फुसांतले पाणी उतरायला दोन पाळ्या लागल्या. हृदयावर आलेला ताण मात्र गेला नाही, आणि तेव्हापासून त्यांना जिना चढवत नाही. शुक्रवारच्या पाळीचे चार तास त्यांना कुणी परत दिले नाहीत. ते का बुडाले, हेही संस्थेने त्यांना लेखी वा तोंडी कळवलेले नाही. दोन्ही देणे बाकी आहे.