पुस्तिकेत नसलेली करवंटी

“करवंटी पुस्तिकेत नाहीच. हे बघा, शून्य!” पाटकर साहेबांनी लॅपटॉप रुखसानाआपांकडे फिरवला.

मुरुडला माझं डीटीपीचं दुकान आहे. मजकूर टाइप करून छपाईसाठी पानं लावून देणं, हे माझं काम. बचतगटांचे प्रशिक्षण अधिकारी पाटकर साहेब माणगावच्या प्रदर्शनाची यादी छापून घ्यायला आले होते. नियम असा, की हस्तकला पुस्तिकेत असेल तीच वस्तू स्टॉलवर ठेवायची. रुखसानाआपांच्या गटाने करवंटीचे चाळीस दिवे केले होते. पॉलिश पेपरने घासून बायकांच्या बोटांची सालं निघाली होती.

“साहेब, प्रदर्शन परवावर आलंय. आता हे दिवे खाडीत सोडू काय?” आपा म्हणाल्या.

“कागदी फुलं करा. सर्चमध्ये नाही, म्हणजे नाही.”

गडबड कुठे आहे ते मला केव्हाच कळलं होतं. पण साहेबांचा तोरा बघून लगेच सांगावंसं वाटेना.

“साहेब, ‘कागद’ शोधून बघू?”

शोधला. शून्य.

“आता ‘हस्तकला’ बघा.”

तेही शून्य! मुखपृष्ठावर तर हाच शब्द वीतभर मोठा छापलेला.

“पहिल्या पानावर ‘संकलन : पाटकर’ असं आहे. ते शोधा की.”

साहेबांनी स्वतःचं आडनाव टाइप केलं. पीडीएफ म्हणाली, असं कोणी नाही.

“या अल्ला! साहेब, तुम्हीपण न्हाय?” आपांनी ओढणी तोंडाला लावली. खांदे मात्र हलत होते.

साहेबांचे कान लाल झाले. मग मी सांगितलं. ही पुस्तिका जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. त्यात आपल्याला अक्षरं मराठी दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. आपण आता टाइप करतो ते युनिकोड. त्यात ‘क’ म्हणजे कॉम्प्युटरलाही ‘क’च. त्यामुळे सर्चला एकही शब्द जुळत नाही.

तो फॉन्ट माझ्या मशीनवर होता. पुस्तिका तिथे उघडली. जुन्या फॉन्टमध्ये ‘करवंटी’ टाइप केलं, कॉपी केलं आणि सर्चच्या चौकटीत पेस्ट केलं. तिथे नुसता अगम्य कचरा उमटला.

“हे काय टाकलंत?”

“करवंटी,” मी म्हटलं आणि एंटर दाबलं.

पान दोनशे चौदा. ‘करवंटीचा दिवा’. कृतीसकट, चित्रासकट.

साहेबांनी घसा साफ केला. “मला वाटलंच होतं, कुठेतरी असणार.”

“व्हय, व्हय,” आपा गंभीरपणे म्हणाल्या.

यादीत दिव्यांचं नाव चढलं. प्रदर्शनात एकतीस दिवे विकले गेले, एक साहेबांनीच घेतला.

एखादी गोष्ट पुस्तकात नाही असं सांगण्याआधी निदान फॉन्ट कुठला आहे ते विचारावं. आणि तेवढाही वेळ नसेल, तर पानं उलटावीत.