नळी कोणाकडं पाहून राह्यली?

मी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक हातात घेतली आणि ती सरळ आमच्या जिनिंगच्या मॅनेजरच्या पोटावर रोखली.

हेतू काही नव्हता. मॅनेजर खुर्चीत बसून बशीत चहा ओतत होता. फाटकावरच्या हवालदारांनी आपली दुनळी मधून वाकवून, उघडून, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं दाखवून माझ्या हातात दिली. मी ती खटकन बंद केली, कशी दिसते ते पाहायला खांद्याला लावली आणि ऐटीत वळलो. बशी मॅनेजरच्या हातातच राहिली. चहा मात्र पँटवर गेला.

"घाबरू नका साहेब, रिकामी आहे," मी म्हणालो.

मागून एक रुंद पंजा आला. त्यानं नळी जमिनीकडे दाबली.

"रिकामी आहे हे कोणं सांगतलं?" हवालदारांनी विचारलं.

"तुम्हीच तर आत्ता दाखवली."

"मी दाखवली. तू पाह्यली का?"

पाहिली नव्हती. मी त्यांच्या मिशा पाहत होतो.

हवालदार म्हणजे पोलीस नव्हे. फौजेतून निवृत्त होऊन ते घाटंजीजवळच्या आमच्या जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यावर, पहाऱ्याला लागले होते. मी तिथे वजनकाट्यावरचा बाबू. तुम्ही जिनिंगच्या फाटकावरचे पहारेकरी पाहिले असतील: एक डोळा झाकलेला, बंदूक भिंतीला, चप्पल स्टुलाखाली. आमचे हवालदार त्यातले नव्हते. खाकी शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून ते स्टुलावरही उभं असल्यासारखे बसत. रोज सकाळी बंदूक उघडायची आणि कापसाच्या उंच गंजीकडे धरून नळ्यांतून पाहायचं. दोन्ही भोकांतून कापूस दिसला की स्वतःशीच मोठ्यानं म्हणायचं, "दोन पांढरे." मग दिवस सुरू.

माझं त्यांच्याकडे काम होतं. वडील वारले तेव्हा त्यांची पीक राखायची बंदूक ठाण्यात जमा झाली. ती माझ्या नावावर व्हायची होती. आमची पाच एकरं जंगलाला लागून. कापसानं सगळ्यांचेच हात पोळले तसे आम्हीही सोयाबीन अन् हरभऱ्याकडे वळलो. आमच्याआधी ही बातमी रानडुकरांना लागली. कपाशीकडे ढुंकून न पाहणारे कळप आता पाहुण्यासारखे वेळेवर येत. बायको तिन्हीसांजेला डबा बडवत बांधावर फिरायची. डुकरं डब्याला सरावली, बायको मात्र मला कंटाळत चालली.

ठाणेदार म्हणाले, "तुम्ही बंदूक कधी धरली नाही. हवालदारांकडून शिका. ते 'हो' म्हणाले तर मी पुढे शिफारस लिहितो."

म्हणजे माझा हरभरा एका माणसाच्या 'हो'वर अडकला होता. आणि त्या माणसासमोर मी पहिल्याच दिवशी मॅनेजर मारत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात पऱ्हाटी दिली. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतं ते वाळकं झाड. फांद्या सोलून हातभर लांब काडी केलेली.

"हे काय?"

"तुही बंदूक. आठ दिवस बाळग. माणसाकडं नळी करायची नाही, बोट चापावर ठेवायचं नाही, हातातून सोडायची नाही. एक बी चूक झाली तं पह्यल्या दिवसापासून."

"हवालदारसाहेब, ही तर काडी आहे."

"काडीनं जमत नाही तं बंदुकीनं काय जमन?"

मी काट्यावर बसे तेव्हा पऱ्हाटी मांडीवर, चहाला जाई तेव्हा खांद्यावर. हमालांची चंगळ झाली. "बाबू, गोळी भरली का?" "बाबू, जरा दात कोरू द्या तुमच्या बंदुकीनं!" मी हसून मान वळवली की काडीही वळायची, आणि फाटकावरून आवाज यायचा, "बाबू, नळी कोणाकडं पाहून राह्यली?"

ती नळी कधी हमालाकडे पाहत असे, कधी गाडीवानाकडे, एकदा तर माझ्याच हनुवटीकडे. चौथ्या दिवशी मी तिनं पाठ खाजवली. पह्यला दिवस. सहाव्या दिवशी तिनंच हिशेबाच्या वहीवरची माशी हाकलली. पह्यला दिवस. सातव्या दिवशी तर कहर केला. एका शेतकऱ्याला पाण्याची टाकी कुठे आहे हे काडीनं दाखवलं. टाकीशी त्याची म्हातारी उभी होती.

हवालदार माझ्याजवळ आले. रागावले नाहीत. "म्हातारी मेली," एवढंच म्हणाले आणि परत स्टुलावर जाऊन बसले.

ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं. म्हातारी ओंजळीनं पाणी पीत होती. त्यानंतर माझं बोट आपोआप सरळ राहू लागलं. आठ दिवस माझे पंचवीस दिवसांत पुरे झाले.

त्या पऱ्हाटीच्या दिवसांतच भाव पडला आणि खरेदी दोन दिवस बंद राहिली. फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग नाल्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी दुपारी लोक चिडले, फाटक हलायला लागलं. मॅनेजर धावत आला, "हवालदार, बंदूक काढा! नुसती दाखवा!"

हवालदारांनी बंदूक काढली. उघडली. दोन्ही काडतुसं खिशात टाकली. बंदूक आत कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि रिकाम्या हातानं फाटकाकडे निघाले.

"अहो, हे काय करता?" मॅनेजर ओरडला.

"दाखवाची वस्तू नाही ते साहेब. टँकर बोलवा. बैलं कालपासून तहानली आहेत."

मग गजांशी उभं राहून त्यांनी सांगितलं, "खरेदीचं माह्या हातात नाही. पाणी माह्या हातात आहे. बैलं सोडा." शिव्या थांबल्या नाहीत, पण फाटक हलायचं थांबलं. मी काट्यामागे लपलो होतो. पऱ्हाटी घट्ट धरून. नळी खाली होती, हे माझ्या वतीनं नमूद करतो.

खरी बंदूक मिळाली तरी गोळी लगेच नाहीच. उघड, पाहा, बंद कर. उघड, पाहा, दुसऱ्याला दे. घेणाऱ्यानं पुन्हा पाहा. एकदा मी विचारलं, "डुकरं पळवायला हवेत बार काढला तर?"

"हवेतली गोळी काय तिथंच राह्यते? तेबी कोणाच्या तरी वावरात उतरते."

एका संध्याकाळी ते आमच्या घरी आले. बंदूक कुठे ठेवणार ते पाहायला. मी कपाट दाखवलं. त्यांनी मान हलवली. "बंदुकीले एक कुलूप, काडतुसायले दुसरं. एक किल्ली तुयापाशी, एक बाईपाशी."

"दोन कायले?" बायकोनं विचारलं.

हवालदार तिच्याकडे पाहूनच म्हणाले, "पिकाची सालं वाईट चालली बाई. एखाद्या दिवशी राग येते, एखाद्या दिवशी जीव नकोसा होते. तवा दोघायले मिळून कुलपं उघडा लागली पाह्यजे. तेवढ्यात चहा होते."

बायकोनं चहा ठेवला. तिनं किल्ली घातलेला काळा दोरा अजून गळ्यातून काढलेला नाही.

मग तो रविवार. आमच्याच वावरात, त्यांच्याच बंदुकीनं, माझा पहिला बार. विहीर खणताना निघालेल्या मातीचा ढीग घराएवढा उंच. त्याच्या पायथ्याशी फुटका माठ. सगळ्यांना मागं घेतलं. बायको आणि शेजारच्या वावरातल्या दोघी वेचणाऱ्या बाया बाभळीखाली उभ्या. मी बंदूक उघडली, आभाळाकडे धरून पाहिलं, एक काडतूस घातलं.

"समोर काय आहे?"

"माठ."

"मांगं?"

"माती."

"बाजूनं?"

मी बाजूनं पाहिलं. ढिगाच्या कडेला, हरभऱ्यात, पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस होता. अर्धा दिसत होता. वाऱ्यानं त्याची बाही हलली.

मी बोट चापापासून दूर केलं, नळी खाली घेतली. "ओ भाऊ! बाजूला व्हा!"

माणूस हलला नाही.

"ओ दादा, बहिरे आहात का? इकडे बार निघून राह्यला!"

बाभळीखाली खसखस पिकली. मी बंदूक उघडली, काडतूस काढून खिशात टाकलं, उघडी बंदूक हवालदारांच्या हातात दिली आणि त्या हट्टी माणसाला हाताला धरून बाहेर काढायला तरातरा गेलो. हात धरला. तो वाळक्या पऱ्हाट्यांचा होता. डोक्याच्या जागी मडकं. पंधरवड्यापूर्वी मीच उभं केलेलं बुजगावणं, माझ्याच लग्नातल्या सदऱ्यातलं.

बाया जमिनीवर बसून हसल्या. बायको म्हणाली, "आपल्या वावरात आपलाच सदरा ओळखू येत नाही, अन् डुकरं ओळखाले निघाले!"

हवालदार हसले नाहीत. त्यांनी बंदूक पाहिली, पिशवीत घातली, माझ्यापुढे हात करून काडतूस मागून घेतलं. "आजचं झालं," म्हणाले आणि सायकल काढली.

बार निघालाच नाही. मी समजलो, संपलं. ठाण्यात विचारायला जायची हिंमत नव्हती, आणि जिनिंगवर त्यांच्यासमोर मी हा विषय काढला नाही. त्यांनीही नाही. बायको पुन्हा डबा बडवू लागली. तीन आठवड्यांनी त्यांच्या छातीत दुखलं, आणि यवतमाळला नेईपर्यंत हवालदार गेले.

फाटकावर नवा माणूस आला. बंदूक भिंतीला टेकवून चप्पल स्टुलाखाली सारतो.

मी हवालदारांच्या घरी भेटायला गेलो. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली फौजेतला त्यांचा फोटो. त्यातही बंदुकीची नळी जमिनीकडे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दारातल्या खाटेवर बसल्या होत्या. त्यांनीच विचारलं, "तुमची बंदूक आली का ठाण्यातून?"

"कशी येणार काकू? त्यांनी शेवटपर्यंत 'हो' म्हटलंच नाही."

"म्हटलं ना. तुमच्या वावरातून आले, तसेच सायकलनं ठाण्यात गेले. सही करून आले तवा भाकर खाल्ली."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"म्या म्हटलं, सांगून द्या बिचाऱ्याले. तं म्हणे, राहू दे. भेऊन राह्यला तोवर कामाचा आहे. आपल्याले येते असं समजलं, का तो पुन्हा पह्यल्यासारखा गधा होईन."