तीळ लावलेली भाकरी

म्हशीच्या नाकाला तीळ चिकटले होते. तिच्यापुढच्या घमेल्यात माझ्या भाकरी होत्या. सप्ताहाच्या भाकरीला तीळ लावणारं घर गावात एकच, आमचं. देवाचं म्हणून आत्याबाईनं, म्हणजे माझ्या सासूनं, हौसेनं लावले होते.

निलंग्याजवळचं आमचं गाव. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी घरोघरच्या भाकरी देवळात गोळा होतात आणि गावाची पंगत उठते. आमच्या मातंग वस्तीच्या भाकरी कधी कुणी मागितल्या नव्हत्या. गेल्या वर्षी भोंग्यावरून सांगितलं, यंदा वस्तीनंही द्याव्यात. आत्याबाई हरखली. पहाटेच चूल पेटवली. मी टोपलं डोक्यावर घेऊन मिरवत गेले. हो, मिरवत. आजही ते आठवलं की मान खाली जाते.

देवळाच्या दारात किराणा दुकानदाराची बायको भाकरी घेत होती. सगळं गाव तिला अक्का म्हणतं. माझ्याकडं बघून हसली.

"तुमच्या तिकडं ठेव गं. चिंधी बांधल्याली पाटी हाय बघ."

ठेवल्या. वाटलं, गर्दी आहे, त्यांची काही सोय असेल. मग टोपलं विसळायला देवळामागं गेले, तर तिथं अक्काची म्हैस.

पंगत बसली. मीही बसले. कुणाची तरी भाकरी माझ्या पत्रावळीवर पडली आणि मी ती मुकाट्यानं खाल्ली. उठले नाही. लाज त्यांना वाटायला हवी होती. वाटली मला. माझ्याच हातांची.

घरी येऊन आत्याबाईला सांगितलं. ती म्हणाली, "देवाला दिसतंय. सोड."

मला चीड आली. सोड, सोड करतच पिढ्या गेल्या की आमच्या. मी अक्काला शिव्याशाप दिले. तिचं वाटोळं होऊ दे म्हणून देवाला हात जोडले. पण ती समोरून आली की मीच गल्ली बदलायची. अपमान तिनं केला आणि तोंड मी लपवत होते. एकदा तिच्या आठवणीनं एवढी चिडले की थापता थापता भाकरी परातीतच फाटली. आत्याबाईनं परात ओढून घेतली.

"माफ केलं म्हंजी ती बरुबर होती, असं न्हाई गं. तिचा न्याव त्याच्याकडं दिला. त्यो बघंल. मी कशाला तिला दिसभर डोक्यावर घिऊन फिरू?"

"आन् आपली भाकर?"

ती थापत राहिली. "ती कुटं दिली त्याच्याकडं? त्यो काय पंगतीत वाढाया येतोय व्हय?"

मी शाप द्यायचं सोडलं. लगेच जमलं नाही. तोंडात आलाच तर म्हणायची, तिचं तू बघ देवा. हळूहळू छातीवरचं ओझं उतरलं. मी गल्ली बदलेनाशी झाले.

यंदा पुन्हा भोंगा वाजला. आम्ही पुन्हा तीळ लावले. चिंधीची पाटी तिथंच होती. अक्कानं बोट दाखवलं.

"न्हाई अक्का. मागल्या साली म्हशीनं खाल्ल्या. यंदा मी सोता वाढणार."

"देवाच्या दारात तंटा नगं गं बाई."

"तंटा न्हाई. तुमच्यावरचा राग त्याच्या पायाशी ठिवला. टोपलं न्हाई ठिवणार."

टोपलं कमरेवर घेऊन पंगतीत शिरले. कुणी पत्रावळीवर आडवा हात धरला. कुणी खाली बघत भाकरी घेतली. अक्का बसली तेव्हा तिच्यापुढंही वाकले. तिनं हात आडवा धरला. माझ्या मनात शाप आला नाही. लाज आली, जुन्या सवयीची. तरी मी पुढच्या पत्रावळीकडं सरकले.

अक्काला मी माफ केलंय. तिचं काय करायचं ते तो ठरवील. आमच्या भाकरीचं मी ठरवलंय. ती माणसाच्या पत्रावळीवर पडेल, नाहीतर टोपल्यातून घरी येईल. त्या पाटीत आता पडणार नाही. पुढच्या सप्ताहालाही वाढायला मीच उभी राहणार.