खावर खानमने दिलेला समोवार

खावर खानमकडे गावातल्या जुन्या मशिदीची किल्ली होती. जीभ तर जन्मापासूनच होती. मशीद बघायला आलेला पाहुणा आयताच तिच्या तावडीत सापडायचा. आधी मशिदीचे लाकडी खांब, मग लाल मातीच्या गल्लीतली जुनी घरं, आणि शेवटी तिचं स्वतःचं घर. तिथे मशिदीच्या दुप्पट वेळ लागायचा.

त्या दिवशीचा पाहुणा जर्मन होता. मातियास त्याचं नाव. फारसी पुस्तकातून शिकलेला, त्यामुळे वजिरासारखा बोलायचा. मशिदीतल्या नक्षीदार मिंबरावरून, म्हणजे प्रवचनाच्या लाकडी आसनावरून, हात फिरवत तो म्हणाला, "अतीव सुंदर!" खावर खानमने नुसती मान डोलावली. खुदाची वस्तू परस्पर देऊन टाकायची कशी?

घरी मात्र त्याने कोनाड्यातल्या पितळी समोवाराला, चहाच्या बंबाला, "अतीव सुंदर!" म्हटलं आणि तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "तुमचाच आहे. घेऊन जा."

यावर पाहुण्याने छातीवर हात ठेवून 'छे छे, तुमच्याकडेच शोभतो' म्हणायचं असतं. गावातलं शेंबडं पोरही म्हणतं. मातियासने छातीवर हात ठेवला, डोळ्यांत पाणी आणलं आणि पाठपिशवी उघडली.

खावर खानमच्या डोळ्यांदेखत समोवार पिशवीत गेला. तो समोवार लग्नात तिच्या माहेराहून खेचरावर बसून आला होता. ती स्वतः पायी आली होती. आतल्या खोलीत नवरा, मश्दी यदुल्ला, अक्रोड फोडत होता. ती धावत तिकडे गेली.

"अहो, तो खरंच नेतोय!"

"मग? तूच दिलास ना?"

"दिला कुठे? नुसतं म्हटलं!"

"मग आता म्हण, परत दे."

"पाहुण्याला? गावात तोंड दाखवायचंय मला! तुम्ही सांगा."

"मी? इतकी वर्षं त्याला हात लावायची परवानगी नव्हती मला. आज एकदम मालक झालो होय?"

खावर खानम ओढणी सावरत बाहेर आली. "चहा घेतल्याशिवाय या घरातून कोणी जात नाही," तिने जाहीर केलं, पिशवीतला समोवार काढला, काठोकाठ पाणी भरलं आणि त्याच्या नळीत निखारे कोंबले.

मातियास एक पेला प्यायला, दुसरा प्यायला. तिसऱ्याला खालून मिनीबसचा भोंगा वाजला. तो घाईघाईने समोवार उचलायला गेला आणि "आई गं!" अशा अर्थाचं काहीतरी जर्मनमध्ये ओरडला.

"जपून हो," खावर खानम आणखी एक निखारा टाकत म्हणाली. "न्या ना. तुमचाच आहे."

"निवेल रात्रीपर्यंत," यदुल्ला आतून म्हणाला. "राहू दे की त्याला आजचा दिवस."

खावर खानमने असं बघितलं की अक्रोड आपोआप फुटावा.

पण मातियासचं विमान होतं. त्याने भाजलेलं बोट तोंडातून काढलं, हात छातीवर ठेवला आणि जड आवाजात म्हणाला, "खानम, हा तुमच्याकडेच शोभतो."

इथे गप्प बसावं की नाही? पण पाहुणा रीतीने नाही म्हणाला, तर यजमानाने रीतीने आग्रह करायलाच हवा.

"छे! असं कसं? पाणी ओतून देते, निखारे काढते. न्यायलाच पाहिजे!"

मातियासचा चेहरा उजळला. "खरंच?"

यदुल्लाने अक्रोड टाकले, पाहुण्याची पिशवी खांद्यावर मारली आणि मिनीबसच्या दिशेने पळत सुटला. समोवार तिथेच टाकून पिशवीमागे मातियासही धावला. स्वतःच्या वरातीनंतर यदुल्लाला धावताना गावाने पहिल्यांदाच पाहिलं.